हारूनची गाडी आणि चहा नको म्हणणारी माणसं

चौक गावात, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून हारूनचं सीटकामाचं दुकान आहे. ट्रक ड्रायव्हरची फाटलेली सीट, टेंपोचं रेग्झिन, वरातीच्या जीपचं मखमली कव्हर, काहीही घेऊन जा, संध्याकाळपर्यंत टाके घालून मिळतं. या रस्त्यानं जाणाऱ्या निम्म्या जगाच्या बुडाखाली आमच्या हारूनभाईचा हात आहे, असं निलेश पंक्चरवाला म्हणतो. बायामाणसं जवळ असली की दोनदा म्हणतो.

तर या हारूनला एक खोड. परक्या गादीवर त्याला झोप येत नाही. गादीवर तळवा टेकला की आत काय भरलंय ते त्याला कळतं. काथ्याचे गोळे झालेत, फोम हलका आहे, कापूस नुसता कोंबलाय. मग रात्रभर तो कूस बदलतो आणि ती गादी भरणाऱ्याचा उद्धार करतो. लग्नानंतर पहिल्यांदाच सासुरवाडीला, श्रीवर्धनकडं, राहायला गेला, तर सकाळी मेव्हण्याच्या घरातली पाहुण्यांची गादी उसवलेली, आणि आतला कापूस अंगणात पसरलेला. "नीट भरून देतो, आत ढेकळं झालीत," असं जावई सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाला. मेव्हणा त्याच्याशी अजून जेवढ्यास तेवढंच बोलतो.

तेव्हापासून हारून कुठं मुक्काम करत नाही. लग्न असो, मयत असो, सकाळी जायचं आणि संध्याकाळी परत. बिचाऱ्या तय्यबाचं माहेर समुद्रावर, आणि तिला समुद्र दिसायचा तो फक्त भर उन्हातला. मुलं लहान होती तोवर ती एकटी जाऊन राहायची. पण तिथल्या बायका विचारायच्या, "नवरा कुठं गं? गाद्या तपासाया गेलाय?" मग तिनं जाणंच कमी केलं. पहाटे होड्या लागतात, किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पुकारतात, ते तिनं किती वर्षांत बघितलं नव्हतं. ती तसं बोलून दाखवायची नाही. फक्त बाजारातली सुरमई हातात घेऊन म्हणायची, "ही कालची," आणि परत ठेवायची. परवाची असली तरी "कालची" म्हणायची. तिच्या तोंडून त्याहून मोठी तक्रार कुणी ऐकलेली नाही. नवऱ्याबद्दलच्या सोडून, अर्थात.

आता गाडीचं खूळ कुठून शिरलं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी पुण्याचा एक डॉक्टर मोठी ट्रॅव्हलर घेऊन हारूनकडं आला. आतल्या सीट काढा म्हणाला, पलंग बसवा, ओटा करा, पडदे लावा, आम्ही नवराबायको यातच राहून फिरणार. हारूननं ते काम जीव ओतून केलं. पलंगाची गादी स्वतः भरली, आणि माप बरोबर बसलंय का बघायला जरा आडवा झाला. दुपारची गोष्ट. डॉक्टर गाडी न्यायला आला तेव्हा आतून घोरण्याचा आवाज येत होता. तय्यबानं दार बडवलं, तेव्हा कुठं हा उठला. डोळे चोळत बाहेर आला आणि म्हणाला, "तय्यबा, झोप लागली! दुसऱ्याच्या गाडीत झोप लागली मला!"

"गादी तुमचीच भरलेली हाय ना," तय्यबा म्हणाली.

झालं. तेवढं वाक्य त्याच्या डोक्यात जाऊन बसलं. आपली गाडी, आपली गादी. जाऊ तिथं आपलाच बिछाना सोबत. श्रीवर्धनला जा, वेंगुर्ल्याला जा, मेव्हण्याच्या दारात गाडी लाव आणि त्याच्या नाकावर टिच्चून झोप.

खूळ डोक्यात शिरायला एक दुपार पुरली. पैसे साठायला मात्र वर्षं लागली, आणि साठले तरी टिकले नाहीत. ही सगळी कथा त्याचीच आहे.

हारून व्याज घेत नाही, देत नाही. आजोबांपासून घरात ही चाल. म्हणजे बँकेत पैसे ठेवले तरी ते नुसते झोपून राहणार. म्हणून पहिल्यांदा त्यानं बकऱ्या घेतल्या. कशेळ्याच्या वरच्या वाडीतला पोशा त्याच्या जुन्या ओळखीचा. पैसे हारूनचे, राखण पोशाची, ईदेच्या आधी विकून जे येईल ते निम्मं निम्मं. व्याज हराम असेल, पण बोकडाच्या अंगावर चढलेलं मांस तर हलालच, असा हारूनचा हिशेब. हिशेब चोख होता, फक्त तो बकऱ्यांना कुणी सांगितला नव्हता. त्या साली खुरकत आली. औषधं झाली, निम्म्या मेल्या, उरलेल्यांचे भाव पडले, आणि हारूनच्या वाट्याला आला एक लंगडा बोकड. तो कुणी विकत घेईना आणि तय्यबा कापू देईना. तिनं त्याचं नाव नवाब ठेवलं होतं. नवाब अजून आहे. दुकानामागं बांधलेला असतो आणि रेग्झिनचे तुकडे खातो.

मग पनवेलला नोकरी करणारा भाचा झुहेब म्हणाला, "मामू, व्याज न घेणाऱ्यांसाठी निराळा फंड असतो. दर महिन्याला थोडे टाकायचे आणि विसरून जायचं." टाकायला हारूनची हरकत नव्हती. विसरणं जमेना. शिवणयंत्रावर बसला की मांडीवर मोबाइल. आकडा हिरवा दिसला की रेग्झिनवर टाके सुबक पडायचे, लाल दिसला की त्या दिवशीच्या गिऱ्हाइकाची सीट वाकडी व्हायची. एकदा सलग काही दिवस लालच लाल. हारूननं सगळे पैसे काढून घेतले. त्यानं काढले आणि बाजार असा वर गेला, असा वर गेला, की जणू हा उतरायचीच वाट बघत होता. झुहेबनं कपाळावर हात मारला. "मामू, विसरून जायचं म्हणालो होतो ना!"

"विसरलोच," हारून म्हणाला. "तुझं सांगणं विसरलो."

मग राहिली भिशी.

चौकच्या दुकानदारांची भिशी कमळाकर चालवतो. स्पेअर पार्टवाला, तोंडानं फाटका, पण पैशाला एकदम स्वच्छ. वर्षाच्या आरंभाला चिठ्ठ्या काढून नंबर ठरतात. दर महिन्याला सगळ्यांनी सारखे पैसे टाकायचे, आणि ज्याचा नंबर त्यानं ती थप्पी उचलायची. हारूनचा हात असा गुणाचा की त्याला कायम पहिला नाहीतर दुसरा नंबर लागायचा. लोक जळायचे. पण जळून झाल्यावर निवांत व्हायचे, कारण हारूनचा नंबर म्हणजे गावाचा नंबर, हे सगळ्यांना ठाऊक.

त्याचं कारण भिशीची एक रीत. कुणाला खरीच नड असेल तर तो नंबरवाल्याशी नंबर बदलून घेऊ शकतो. मात्र तोंडानं मागायचं नाही. मागणं हलकेपणाचं. त्यानं फक्त नंबरवाल्याच्या दुकानात येऊन बसायचं. चहा विचारला की "नको" म्हणायचं. पुन्हा विचारला की पुन्हा "नको". आता चौकात माणूस मयतीला जाऊन आला तरी आधी चहा घेतो. तिथं चहा नको म्हणणं म्हणजे संकट फार मोठं. मग नंबरवाल्यानं विचारायचं, "काय झालं?" आणि हे दोन शब्द तोंडातून गेले की नंबर गेला. न विचारणाऱ्यावर कसलंही बंधन नाही. कमळाकर स्वतः आपल्या नंबराच्या महिन्यात कानात कापूस घालून बसतो आणि सर्दी झाल्याचं सांगतो.

हारूनला हे जमत नाही. समोर माणूस तोंड पाडून बसला की याच्या जिभेला खाज सुटते. एका वर्षी निलेशच्या घरावरचे पत्रे उडाले होते, तेव्हा "काय झालं?" पुढच्या वर्षी भाजीवाल्या गौराबाईचा गुडघा, तेव्हा "काय झालं?" तिच्या गुडघ्याला काय झालंय ते अख्ख्या खालापूर तालुक्याला माहीत होतं, तरी यानं विचारलं. आपला नंबर जाऊन शेवटचा यायचा, आणि वर्षअखेरीला पैसे हातात पडायचे तेव्हा घरचंच काहीतरी दारात उभं असायचं. एकदा मुलगी कशिशची नर्सिंगची फी, एकदा वाऱ्यानं दुकानाची शेड नेली. गाडी जिथल्या तिथं. हारून मग दिवसचे दिवस चडफडायचा.

"जीभ आवरत नाय तुमाला," तय्यबा म्हणायची.

"तू तरी आठवण करायची!"

"मी काय तुमच्या जिभेवर जाऊन बसू? आणि समजा घेतली गाडी. तिला पोसणार कशानं?"

"पोसायची काय, ती काय बकरी हाय?"

"बकरी निदान पाला खाते. हिला डिझेल लागंल. विमा लागंल, पासिंग लागंल, टॅक्स लागंल. टायर झिजतील. बॅटरी बसंल. मिलिंदच्या गॅरेजात दर दोन महिन्यांनी उभी राहील ती राहीलच. एकदा गाडी घेतली की आपण घरात कोरडी भाकर खायची आणि ती बाहेर उभी राहून डिझेल पिणार."

"ते बघू पुढचं पुढं."

"पुढचं पुढंच बघतो आपण. म्हणून तर नवाब पोसतोय."

खरी गंमत अशी की या घरात खर्चाची अक्कल होती ती तिच्याकडं आणि हौस होती ती त्याच्याकडं. दोन्ही एका डोक्यात असतं तर गाडी केव्हाच आली असती, किंवा कधीच हवी वाटली नसती.

यंदा मात्र योग जुळून आला. दहिवलीत शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या एका कंत्राटदारानं नव्या गाड्या घेतल्या आणि जुनी पिवळी ट्रॅव्हलर विकायला काढली. हारून बघून आला. इंजिन दमदार, पत्रा शाबूत. आत मुलांनी सीटच्या पाठीवर पेनानं नावं कोरलेली, ती वाचत तो बराच वेळ बसला. किंमत अशी की भिशीची थप्पी आणि गाठीला होते ते, मिळून बरोबर बसत होती. कंत्राटदार म्हणाला, "भिशी उचलेपर्यंत थांबतो. त्यापुढं नाय थांबणार, हारूनभाई. गिऱ्हाईक हाय दुसरं."

आणि हारूनचा नंबर त्याच महिन्यात.

त्या महिन्यात त्यानं जे केलं ते सांगायला हवं. निलेश येऊन बाकावर बसला, तर यानं शिवणयंत्राला मोटर लावून असा खडखडाट केला की निलेशला स्वतःचा उसासा ऐकू येईना. निलेश कंटाळून उठून गेला. सोनुबाई फुलवाली आली, तर हा टेप घेऊन रस्त्यापलीकडच्या ट्रकखाली शिरला आणि ती जाईपर्यंत मापं घेत राहिला. ट्रकवाल्यानं कसलंही काम सांगितलेलं नव्हतं. पण भिशीचा दिवस जवळ आला तसा हारूनचा स्वतःवरचा भरवसा उडाला. शेवटचे दोन दिवस फार वाईट. खरे नडलेले तेव्हाच येतात.

म्हणून त्यानं डोकं लढवलं. तय्यबाला म्हणाला, "मी कशेळ्याला जातो, पोशाकडं. दोन दिवस संध्याकाळचाच येईन. दुकानात तू बस. भिशीचे पैसे तूच उचल. कुणी आलं तर..."

"विचारायचं नाय. कळलं."

आणि याहून भक्कम बंदोबस्त अख्ख्या गावात नव्हता. तय्यबाकडून कोथिंबिरीची काडी फुकट सुटल्याचं कुणी बघितलेलं नाही. हारून निर्धास्त मनानं कशेळ्याच्या जीपमध्ये बसला.

पोशाच्या अंगणात बसून त्यानं दोन दिवस गाडीची स्वप्नं बघितली. पलंग कुठं, पाण्याची टाकी कुठं, मेव्हण्याचं तोंड कसं दिसेल. दुसऱ्या दिवशी पोशानं कपबशी पुढं केली, तर हा आपल्याच नादात म्हणाला, "नको."

पोशा घाबरला. "काय झालं भाई?"

हारूननं दचकून कप ओढून घेतला आणि गरम चहा एका दमात प्यायला. जीभ भाजली. ती भाजली ते बरंच झालं, असं त्याला तेव्हा वाटलं.

संध्याकाळी चौकात उतरला तो शीळ घालतच. दुकानापाशी आला आणि शीळ थांबली. आत बाकावर मिलिंद बसला होता. मिलिंद म्हणजे कमळाकरचा पुतण्या, शेजारचा गॅरेजवाला. बसला होता ते ठीक, पण त्याच्या हातात कप होता. बशीत बिस्कीट होतं. चेहरा ताजातवाना होता. तो दुसरा कप होता, हेही समोरच्या रिकाम्या कपावरून दिसत होतं. नंबर मिळालेला माणूस मग चहा घेतो, हारूनला हे सांगायची गरज नव्हती. आजवर स्वतःच्या हातानं त्यानं तो किती जणांना पाजला होता!

"या, हारूनभाई," मिलिंद म्हणाला. "भाभींचे उपकार कसे फेडू कळत नाय."

हारून उभ्या जागीच बसला. म्हणजे खाली स्टूल नव्हतं, रेग्झिनचा गठ्ठा होता, त्यावर बसला.

"तय्यबा," तो कसाबसा म्हणाला, "तू विचारलंस?"

"विचारलं."

"तू?"

"मग काय करू? दर्शना पण आली होती संगं, याची बायको. दोघं बसली. चहा नको म्हणाली. एकदा नाय, चारदा. याची पाठ बघितलीत? सरळ होत नाय. पोरगं ट्रकखाली उताणं पडून पडून वाकडं झालं. गाड्या उचलायची मशीन घ्यायची त्याला, मग उभ्यानं काम करील. ते आत्ताच मिळतंय, कुणीतरी गॅरेज बंद करून विकतोय."

"आणि माझी गाडी? ती पण आत्ताच मिळतेय ना!"

"ऐकून तर घ्या. मी काय तुमच्यासारखी फुकट नाय दिला नंबर." तय्यबानं पदर खोचला. "मी म्हटलं, मिलिंद, नंबर घे. पण आमची गाडी आली की तिचं गॅरेजचं सगळं काम तुझ्याकडं. सामान आमचं, मजुरी नाय. मरेपर्यंत."

"कुणाच्या मरेपर्यंत, तेवढं ठरवा," मिलिंद मधेच म्हणाला.

"गाडीच्या!" तय्यबा म्हणाली. "बघा. गाडी पोसायचा निम्मा खर्च मिटला की नाय?"

"पण गाडीच नाय ना!" हारून ओरडला. मागं नवाबनंही साथ दिली. "गाडी कुठाय? नसलेल्या गाडीची फुकट दुरुस्ती! लोक हसतील मला!"

लोक हसले. त्यात नवल नाही. कमळाकरनं दुसऱ्या दिवशी दुकानात बोलावून विचारलं, "काय रं हारून, गाडीला तेलपाणी केलं का नाय यंदा?" निलेश रोज सकाळी जाता जाता म्हणायचा, "भाई, मोकळ्या जागेत हवा भरून देऊ का?" दहिवलीचा कंत्राटदार म्हणाल्याप्रमाणं थांबला नाही. आठवड्याच्या आत पिवळी ट्रॅव्हलर विकली गेली. कुणा खारघरवाल्यानं घेतली म्हणे.

हारूननं मग घरात सत्याग्रह आरंभला. सकाळी तय्यबानं चहा आणला की "नको." दुपारी "नको." संध्याकाळी मान फिरवून "नको." तिनं विचारावं, काय झालं म्हणून, एवढीच त्याची इच्छा. एकदा विचारलं असतं तर तो सगळं बोलला असता. गावाच्या नडीला सगळे, आणि आपल्या नडीला कुणी नाही, हे बोलला असता. वय झालं, गुडघे वाजायला लागले, आता नाही निघालो तर कधी निघणार, हेही बोलला असता. पण तय्यबा पक्की. त्यानं नको म्हटलं की त्याच्यासमोर बसून तोच कप ती निवांत प्यायची. कपाच्या तळाशी राहिलेली साखर बोटानं पुसून खायची. त्याची तलफ डोक्यात जाऊन कपाळ दुखायला लागलं आणि तो गुपचूप कमळाकरकडं जाऊन चहा पिऊ लागला. हेही गावाला कळलंच.

अशा दिवसांत एका सकाळी दुकानासमोर गाडी थांबली. हारूननं मान वर केली, आणि सुई बोटात गेली. पिवळी ट्रॅव्हलर. तीच.

आतून एक तरतरीत गृहस्थ उतरला. "हारूनभाई तुम्हीच ना? मी किशोर. खारघरहून आलो. गाडीत राहण्याची सोय करून हवी. पलंग, ओटा, सगळं. लोक म्हणाले, तुमच्यासारखी गादी कुणी भरत नाही."

हारूनला वाटलं, याला हाकलून द्यावं. वाटलं, पलंग असा करावा की याचे पाय वीतभर बाहेर राहावेत. तेवढ्यात हात सवयीनं दाराकडं गेला आणि तोंडातून निघालं, "बसा. चहा घ्या."

"नको," किशोर म्हणाला.

"घ्या हो थोडा."

"नको, खरंच नको."

आणि हारूनची जीभ, ती भाजलेली, सवयीची, निर्लज्ज जीभ, आपसूक हलली. "काय झालं?"

किशोर बिचारा प्रकृतीसाठी चहा सोडलेला माणूस. त्याला भिशी माहीत नाही, रीत माहीत नाही. पण इतक्या मायेनं इतक्या दिवसांत त्याला कुणी विचारलेलं नव्हतं. तो बाकावर बसला आणि सुटलाच. "काय सांगू भाई. हौसेनं गाडी घेतली आणि फसलो. सोसायटीवाले आत लावू देत नाहीत. रस्त्यावर लावली तर बाहेरचा आरसा चोरीला गेला. विम्याचा आकडा ऐकला आणि बायकोनं बोलणं टाकलं. पासिंगच्या आधी टायर बदला म्हणाले, ब्रेकचं काम निघालं. आतलं काम करायला ठेवलेले पैसे त्यातच गेले. शनिवार-रविवार सोडून मला सुट्टी नाही. आता तुम्ही निम्मेच पैसे घेऊन काम कराल का, बाकीचे सवडीनं देतो..."

हारून ऐकत होता. तय्यबा वर्षानुवर्षं जे सांगत आली ते हा पढवल्यासारखा ओळीनं म्हणत होता. आणि हारूनला माहीत होतं की विचारून बसलोय, आता हो म्हणावं लागणार. ज्या गाडीवर जीव होता तिचंच काम, परक्यासाठी, आणि तेही उधारीवर. यापेक्षा नवाबच्या दोरीला स्वतःला बांधून घेतलं असतं तर बरं.

तो तोंड उघडणार तोच आतला पडदा सरकला. तय्यबा.

"निम्म्या पैशात करतील ते," ती म्हणाली. "पण साहेब, माझं ऐका. गाडी लावाया तुमाला जागा नाय. इथं मागं आमचं आवार मोकळं हाय. गाडी इथंच राहू द्या, भाडं नको. आमचा बोकड राखण करतो. ब्रेकचं, इंजिनचं काम हा शेजारचा मिलिंद करील, मजुरी नाय घेणार. मरेपर्यंत."

"कुणाच्या?" किशोर गोंधळला.

"गाडीच्या. विमा, पासिंग, टॅक्स तुमचं, गाडी तुमची. शनिवार-रविवार तुमी न्या. सोमवार ते गुरुवार चावी आमच्या खिळ्याला. डिझेल ज्यानं फिरवली त्यानं भरायचं. बाकीचे निम्मे पैसे पण नकोत मग."

किशोरनं क्षणभर विचार केला आणि तय्यबाचा हात धरायचाच बाकी ठेवला. बायकोला फोन लावला. फोनवर ती बोललीसुद्धा.

गाव म्हणतं, तय्यबानं बाजी मारली. हारूनला विचाराल तर तो अजून धुसफुसतो. "स्वतःची गाडी म्हटलं होतं मी. ही भाड्याच्या घरासारखी. शुक्रवारी आवरून ठेवा, पंखा बंद करा, साहेबांच्या मिसेसना मसाल्याचा वास चालत नाय." पण पलंग त्यानं केला तो आधी आपल्या मापाचा, मग तय्यबाच्या, आणि उरलेल्या जागेत किशोरला बसवला. गादी भरताना दुकान बंद ठेवलं आणि कुणाला आत येऊ दिलं नाही. तय्यबा मात्र गेली. गादीवर बसली, आडवी झाली, आणि खिडकीकडं बघत म्हणाली, "इथून होड्या दिसतील?"

"कसल्या होड्या?" हारून म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. इतक्या वर्षांत "काय झालं?" हे तिला विचारायचं राहूनच गेलं होतं. गावाला विचारून झालं, तिलाच राहिलं.

पहिला सोमवार उजाडला. टाकी भरली होती, नवाबला पोशाच्या पोरीकडं दिलं होतं. तय्यबा पुढच्या सीटवर पिशव्या मांडीवर घेऊन बसली होती, नवी ओढणी डोक्यावर. श्रीवर्धनला फोन गेला होता की आज मुक्कामाला येतोय, गादी काढू नका. मेव्हण्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली म्हणे. हारूननं चावी फिरवली, गाडी धडधडली. तेवढ्यात समोरून निलेश आला. दुकान बंद बघूनही बाहेरच्या बाकावर बसला. गुडघ्यावर कोपरं, हातात डोकं.

हारूननं काच खाली केली. "निलेश, आमी निघालो. कमळाकरकडं चहा घे माझ्या नावानं."

"नको, भाई," निलेश जमिनीकडं बघत म्हणाला.

हारूनचा हात गिअरवर अडकला. ओठ हलले.

"विचारायचं नाय," तय्यबा समोर बघत म्हणाली. "भिशीचा नंबर आता लांब, खिशात पैसा नाय. आता काय उरलंय द्यायला? गाडी काढा."

गाडी निघाली. कमळाकरचं दुकान गेलं, मिलिंदचं गॅरेज गेलं. मिलिंद उभ्यानं काम करत होता, त्यानं पाना हलवला. गाव संपलं, ढाबे मागं पडले. हारूननं पेणचा रस्ता धरला. स्टिअरिंगवर बोटं वाजत होती, जबडा आवळलेला होता. एका वळणावर त्यानं गाडी हळूच कडेला घेतली.

"तय्यबा, पण त्याला झालं काय असंल गं?"

तय्यबानं पिशवीतून थर्मास काढला. कपात चहा ओतला आणि त्याच्यापुढं धरला.

"घ्या," ती म्हणाली. "आणि नको म्हणालात तर बघा. मी विचारणार नाय."

हारूननं चहा घेतला. चडफडत घेतला, पण घेतला. मग गाडी पुन्हा रस्त्याला लागली. निलेशला काय झालं होतं ते गुरुवारी परत आल्यावर कळलं. दाढ दुखत होती.